ऑगस्टचा टायफॉईड

धानाचा रोवणा, म्हणजे भातलावणी, आटोपून रश्मी शहारे कॉलेजात आली तेव्हा तिच्या पायांच्या बोटांमधल्या चिखल्या अजून सुकल्या नव्हत्या. दवनीवाड्याच्या बसमधून उतरल्यापासून ती जरा लंगडतच चालत होती. सोबत दुर्गेश्वरी बिसेन होती. दोघी एकाच गावच्या, दोघी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला, आणि दोघींनी जुलैपासून वहीला हात लावला नव्हता. दुर्गेश्वरीच्या घरच्या बांध्यांमध्ये, धानाच्या खाचरांमध्ये, रोवणा करायला रश्मीच्या आईची, ललिताबाईंची, बायकांची टोळी होती. त्या टोळीत रश्मी होती, आणि घरचं काम म्हणून दुर्गेश्वरीही. दोघींच्या कमरा सारख्याच दुखत होत्या.

नोटीस बोर्डावर विषयांच्या याद्या लागल्या होत्या. रश्मीनं आपलं नाव शोधलं आणि तिथेच थबकली.

"काय पडला?" दुर्गेश्वरीनं विचारलं.

"लेखाशास्त्र."

"मलेबी तेच," दुर्गेश्वरी म्हणाली.

दोघींचा मुख्य विषय वनस्पतीशास्त्र. नव्या धोरणाप्रमाणे एक विषय दुसऱ्या शाखेतला घ्यावाच लागे. विद्यापीठाचं पोर्टल जुलैत उघडायचं, त्यावर ज्यानं त्यानं आपला विषय निवडायचा. जो निवडणार नाही त्याच्या नावावर जिथे जागा रिकामी असेल तो विषय आपोआप पडायचा. नको असलेला विषय सोडून दुसरा घेण्याची सोय होती, पण तीही जुलैतच संपायची. आणि जुलैत अर्धा गोंदिया जिल्हा गुडघाभर चिखलात असायचा. आभाळ उशिरा आलं की रोवणा संपायला ऑगस्टचा मध्य उजाडायचा.

मागच्या वर्षी रश्मीच्या नावावर 'शेअर बाजाराची ओळख' पडला होता. ती ओळख शेवटपर्यंत झाली नाही. बाकी सगळ्या विषयांत चांगले गुण, आणि त्या एकात नापास. गुणपत्रिका पाहून तिच्या आईनं विचारलं होतं, "हा बाजार कुठं भरते?" रश्मी तेव्हा हसली होती, पण नंतर अंगणात एकटीच बसून रडली होती.

तिला हवा होता भूगोल विभागाचा 'नकाशा वाचन'. पहिल्या वर्षी एकदा ती चुकून त्या वर्गात शिरली होती. हिमांशू सर फळ्यावर रेषांच्या आत रेषा काढून डोंगर कसा दाखवतात ते सांगत होते. सपाट फळ्यावर तिला डोंगर उभा दिसला, आणि तास संपेपर्यंत ती तिथून हलली नाही.

दोघी कार्यालयाच्या खिडकीशी गेल्या. आत दुलीचंदबाबू बसले होते. माणूस मनानं वाईट नव्हता, पण सत्र सुरू झालं की दिवसभर तोच तो प्रश्न ऐकून त्यांचा आवाज चढलेला असायचा.

"बाबूजी, लेखाशास्त्र सोडायचं आहे. नकाशा वाचन पाहिजे."

"अरे बेटा, डेट निकल गयी. पोर्टल लॉक." मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मेडिकल लगा दो ना. सब वही करते हैं. बसस्टँडच्या मागं डॉक्टर आहेत, टायफॉईड लिहून देतात. मेडिकल असलं की महिनाभर सूट मिळते."

"पण मले टायफॉईड झालाच नाई," रश्मी म्हणाली.

"किसी को नहीं हुआ," दुलीचंदबाबू म्हणाले आणि पुढच्याला हाक मारली.

दुर्गेश्वरीनं दुसऱ्याच दिवशी दाखला आणला. त्यावर तिला पंधरवडाभर ताप होता, विश्रांती सांगितली होती, असं लिहिलं होतं. दुपारपर्यंत तिचं लेखाशास्त्र सुटलं आणि नकाशा वाचन मिळालं. तिनं रश्मीसाठीही डॉक्टरांशी बोलून ठेवलं होतं.

"चाल ना व. पाच मिनिटांचं काम आहे."

रश्मीनं संध्याकाळपर्यंत विचार केला. घरी गेल्यावर आई चुलीपुढे बसली होती, तिला सगळं सांगितलं. ललिताबाईंनी भाकरी उलटली आणि तिच्याकडे पाहिलं.

"तुले कधी आला व टायफॉईड?"

"नाई आला. पण लिहावं लागते."

"कायले?"

"रोवणा केला म्हणून सूट भेटत नाई. बीमार असलं तरच भेटते."

ललिताबाईंनी भाकरी उतरवून ठेवली. मग म्हणाल्या, "पोरी, मी लगन होऊन आली तवापासून दरसाल रोवणा करून राहिली. पाण्यात उभी राहून जेवली. तू पोटात होतीस तवाबी केला. मले कोनी बीमार म्हनलं नाई, आन मी म्हनूबी देल्लं नसतं. तू माझ्यासंग वाकून धान रोवलं. आता तेच काम तापाच्या नावावर लिहून देशील?"

"मंग विषय नाई भेटणार, आई."

"ते तू पाहाय. पन काम केलं तर काम केलं म्हन."

दुसऱ्या दिवशी रश्मीनं अर्ज लिहिला आणि कारणाच्या जागी स्वच्छ अक्षरांत 'रोवणा' असं लिहून खिडकीत दिला. दुलीचंदबाबूंनी तो वाचला आणि डोकं खाजवलं.

"बेटा, ये नहीं चलेगा. तीनच कारणं चालतात. आजार, घरातला मृत्यू, नाहीतर विद्यापीठाच्या खेळाची स्पर्धा. चौथं कारण टाकायला कॉम्प्युटरमध्ये जागाच नाही."

ती प्राचार्यांकडे गेली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, पण नियम विद्यापीठाचा आहे, आपल्या हातात काही नाही, असं म्हणून अर्ज परत केला. "तुझी मैत्रीण विषय बदलून गेली ना? मग तू का अडून बसलीस?" असंही ते म्हणाले. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं.

रश्मी लेखाशास्त्राच्या वर्गात जाऊन बसली. फळ्यावर नावे आणि जमा चाललं होतं, आणि महिनाभराचं मागचं काहीच तिला ठाऊक नव्हतं. खिडकीतून समोरच्या इमारतीत भूगोलाचा वर्ग दिसायचा. तिथे दुर्गेश्वरी बसायची. पहिले दोन-चार दिवस तिनं हात हलवून दाखवला. मग ती मान खाली घालून बसू लागली.

शेवटी रश्मी हिमांशू सरांना भेटली. सर तिशीतले, तासिका तत्त्वावर शिकवणारे. त्यांच्या विषयाला दरवर्षी जेमतेम दहा-बारा मुलं असायची. त्यांनी तिचा अर्ज वाचला आणि पहिल्यांदाच कोणी डोकं खाजवलं नाही, की समजूतही घातली नाही.

"मी तुला विषय देऊ शकत नाही," ते म्हणाले. "पण पोळ्यानंतर विद्यापीठाच्या अधिष्ठाता येतायत, विद्यार्थ्यांशी बोलायला. येळणे मॅडम. प्रश्न आधी लिहून द्यायचे असतात, आणि कोणते विचारायचे ते ऑफिस ठरवतं."

"मंग माझा प्रश्न जाणारच नाई."

"नाही जाणार," सर म्हणाले. "पण सभेत उभं राहायला कोणाची परवानगी लागते असं मी तरी कुठे वाचलेलं नाही."

रश्मीनं त्या आठवड्यात बसमध्ये, कँटीनमध्ये, मुलींच्या खोलीत पोरापोरींना गाठलं. तिरोड्याकडचे होते, आमगावचे होते. चिचगडचा ओमेश मडावी होता. वसतिगृहात राहायचा, पण रोवण्याला गावी गेला होता, आणि त्याच्याही नावावर टायफॉईड लागला होता. सगळ्यांची गोष्ट एकच होती. फक्त डॉक्टरांनी कोणाला दहा दिवस दिले होते, कोणाला वीस.

"तुम्ही कोनी उभे राहू नका," रश्मीनं सगळ्यांना सांगितलं. "तुमचे दाखले लागलेले आहेत, उगीच अंगलट येईल. मी दाखला दिला नाई, तर मीच बोलतो. तुम्ही फक्त हॉलमध्ये या. हॉल रिकामा असला का बोलणाऱ्याचा आवाज पडते."

दुर्गेश्वरी हे ऐकत होती. "तू येडी आहेस," ती म्हणाली. "पाहा, मॅडम तुलेच उलट झापतील."

"झापू दे."

पोळा झाला, दुसऱ्या दिवशी पोरांचा तान्हा पोळाही झाला, आणि त्या आठवड्यात येळणे मॅडम आल्या. पन्नाशीच्या, सुती साडीतल्या, चष्मा कपाळावर चढवून बोलणाऱ्या. हॉल भरला होता. मंचावर प्राचार्य, बाजूला प्राध्यापक. ठरवून दिलेले प्रश्न झाले. ग्रंथालयाची वेळ, निकालाला उशीर, वायफाय. मॅडम नीट उत्तरं देत होत्या. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"आता मला तुम्हाला एक विचारायचं आहे. मला खरंच काळजी वाटते. दर ऑगस्टमध्ये या भागातल्या कॉलेजांतून टायफॉईडच्या दाखल्यांचा ढीग येतो. इतर जिल्ह्यांतून नाही येत. तुमच्याकडे पिण्याच्या पाण्याचं काही आहे का? आरोग्य विभागाला पत्र लिहायचं मी मनावर घेतलंय."

प्राचार्यांनी रुमाल काढला. मागच्या रांगेत कोणाला तरी हसू फुटलं आणि त्यानं ते तोंडातच दाबलं.

रश्मी उभी राहिली.

"मॅडम, पाणी चांगलं आहे. टायफॉईड नाही आहे. रोवणा आहे."

"काय आहे?"

"धानाचा रोवणा. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये घरात कोणी राहत नाही. सगळे बांधीत असतात. विषय सोडायची तारीख तेव्हाच असते. आम्ही येतो तोवर निघून जाते. मी अर्जात 'रोवणा' लिहिलं तर चालत नाही म्हणाले. आजार चालते, मृत्यू चालते, खेळ चालते. रोवणा ना आजार आहे, ना मृत्यू, ना खेळ. मग तो लिहायचा कुठे?"

येळणे मॅडमनी चष्मा काढला. "नाव काय तुझं?"

"रश्मी शहारे. दवनीवाडा."

"म्हणजे, रश्मी, हे सगळे दाखले खोटे आहेत, असं तू मला सांगते आहेस?"

हो म्हटलं तर हॉलमधल्या कितीतरी जणांचं नाव पुढे येणार होतं. नाही म्हटलं तर सगळंच खोटं पडणार होतं. प्राचार्य खुर्चीतून अर्धे उठले होते. रश्मी दुसऱ्याबद्दल बोलायला उभी राहिलीच नव्हती.

"मी फक्त माझं सांगतो, मॅडम," ती म्हणाली. "मी बीमार नव्हती."

"मीबी नव्हती."

मधल्या रांगेतून दुर्गेश्वरी उठली होती. तिचा चेहरा लाल झाला होता आणि ओढणीचं टोक तिनं मुठीत धरलं होतं. "मी दाखला देला, मॅडम. दुर्गेश्वरी बिसेन. पंधरा दिवस ताप लिहिला आहे. एक दिवसबी नव्हता. मी आमच्या बांधीत होती, हिच्याच बाजूला. माझा विषय काढून घ्यायचा तर घ्या."

रश्मी तिच्याकडे वळली.

मग ओमेश उठला. "ओमेश मडावी, चिचगड. मलाबी ताप नव्हता." त्याच्यामागून आमगावचे उठले. मग मुलींची एक रांग अख्खी उठली, खुर्च्या सरकल्याचा आवाज हॉलभर झाला. कोणी नाव सांगत होतं, कोणी गाव. शेवटी शेवटी कोणी काही सांगत नव्हतं, नुसतं उभं राहत होतं. बसलेल्यांपेक्षा उभे असलेले जास्त झाले.

येळणे मॅडमनी हात वर केला.

"बसा," त्या म्हणाल्या. कोणी बसलं नाही. त्यांनी पुन्हा आग्रह केला नाही.

"खोटा दाखला देणं चूक आहे. हे मी आधी बोलणार, कारण ते मला बोललंच पाहिजे. आणि पुन्हा आला तर मी तो मुकाट्यानं घेणार नाही." त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर घेतला. "पण खरं कारण लिहायला आम्ही जागा ठेवली नाही, ही चूक आमची. तारीख ठरवताना आम्ही परीक्षेकडे पाहिलं, सुट्ट्यांकडे पाहिलं. शेताकडे पाहिलं नाही."

टाळ्या पडायला लागल्या, तेवढ्यात त्यांनी पुन्हा हात वर केला. "थांबा. एवढ्यावर होत नाही. तारीख पुढे नेली, तर तुम्ही नवा विषय सप्टेंबरमध्ये घेणार. बुडालेले तास कोण भरून देणार? उद्या हजेरी कमी पडली तर हीच मुलं माझ्याकडे येतील. रश्मी, याचं उत्तर आहे का तुझ्याकडे?"

रश्मीकडे होतं. तिनं त्यावर बसमध्ये विचार केला होता. "रविवारी तास ठेवा, मॅडम. रोवणा झाल्यावर आम्हाले रविवारी काम नसते. कापणी दिवाळीजवळ येते. तोवरचे सगळे रविवार आम्ही येऊ."

"आणि शिकवणार कोण? सुट्टीच्या दिवशी?"

मंचाच्या बाजूला बसलेल्या प्राध्यापकांकडे सगळ्यांचं लक्ष गेलं. कोणी छताकडे पाहिलं, कोणी घड्याळाकडे. हिमांशू सर उठले.

"माझ्या विषयाचे मी घेईन," ते म्हणाले.

त्यांच्यानंतर लेखाशास्त्राचे सर उठले. त्यांनी घसा साफ केला आणि म्हणाले, "माझ्या वर्गात ज्यांना बसायचंच नाही अशांना मी वर्षानुवर्षं शिकवत आलोय, मॅडम. आवडीनं आलेली पाच मुलं मिळाली तर मीही रविवारी येतो." या वेळी हॉल मोकळेपणानं हसला. मंचावर प्राचार्यही हसले, आणि मग माईक ओढून घेऊन त्यांनी सांगितलं की रविवारी कॉलेजचं फाटक उघडं राहील.

येळणे मॅडम जाताना हॉलच्या दारात रश्मीपाशी थांबल्या. "तो अर्ज आहे का अजून? रोवणा लिहिलेला?"

"आहे, मॅडम. पण कोणी घेतला नाही."

"मला दे. पुढच्या बैठकीत माझ्या बोलण्यापेक्षा तो जास्त उपयोगी पडेल."

पुढचे काही दिवस रश्मी लेखाशास्त्राच्याच वर्गात बसली. दुर्गेश्वरी कार्यालयात जाऊन आपला दाखला परत मागून आली होती, तिच्या नावावर पुन्हा लेखाशास्त्र आलं होतं, आणि आता ती रश्मीच्या शेजारीच बसायची.

"तू कायले आलीस इथं?" रश्मीनं पहिल्या दिवशी विचारलं.

"तिकडं मन लागत नव्हतं," दुर्गेश्वरी म्हणाली आणि वही उघडली. पुढे दोघींना तो विषय काढायची गरज पडली नाही.

आदेश आला तो शुक्रवारी. दुलीचंदबाबूंनी तो स्वतः बोर्डावर लावला आणि चारही कोपऱ्यांत टाचण्या टोचल्या. जमलेल्या मुलांना दिसेना, म्हणून त्यांनीच मोठ्यानं वाचला. या वर्षासाठी विषय सोडण्याची खिडकी आठ दिवस पुन्हा उघडली होती. पुढच्या वर्षापासून धान पिकवणाऱ्या जिल्ह्यांतल्या महाविद्यालयांना ही मुदत पोळ्यानंतरच्या शनिवारपर्यंत मिळणार होती, आणि उशिरा आलेल्यांचे तास सुट्टीच्या दिवशी भरून घ्यायचे होते. मान्य कारणांच्या यादीत आता चौथं कारण होतं: शेतीचा हंगाम.

"चौथा कॉलम आ गया!" दुलीचंदबाबू ओरडले. जणू तो त्यांनीच आणला होता.

मग जो गोंधळ झाला तो त्या कार्यालयानं कधी पाहिला नव्हता. खिडकीपासून रांग निघाली ती पायऱ्या उतरून सायकल स्टँडपर्यंत गेली. शेअर बाजार पडलेल्या आमगावच्या एका पोरीला संगीत हवं होतं, ओमेशला मराठी नाट्यलेखन. एकाला शेअर बाजारच हवा होता आणि त्याच्या नावावर संगीत पडलं होतं. त्याची आणि त्या पोरीची रांगेतच अदलाबदल ठरली. लोक एकमेकांना टाळ्या देत होते. दुलीचंदबाबू घामाघूम होऊन अर्ज घेत होते आणि प्रत्येकाला विचारत होते, "कारण?" प्रत्येक जण जरा मोठ्यानंच सांगत होता, "रोवणा!" रांगेत नसलेली पोरंही सोबत ओरडायला लागली.

रश्मीची पाळी आली तेव्हा बाबूंनी विचारलंच नाही. त्यांनी तिचं नाव टाकलं, कारण टाकलं, आणि कॉम्प्युटरचा पडदा तिच्याकडे वळवून दाखवला. "देख ले बेटा. बराबर है ना?"

तिनं पाहिलं. लेखाशास्त्र गेलं होतं. त्याच्या जागी नकाशा वाचन आलं होतं. तिनं खिडकीच्या कठड्यावर दोन्ही हात टेकले आणि एक मोठा श्वास सोडला.

त्या संध्याकाळी बस दवनीवाड्याला पोचली तेव्हा ललिताबाई निंदणावरून परत येत होत्या. रश्मी बसमधून उतरली ती थेट त्यांच्याकडे धावली आणि भर रस्त्यात सगळं सांगितलं. टोळीतल्या बायका भोवती जमल्या.

"म्हंजे आता रोवणा करूनबी शाळा भेटते?" एकीनं विचारलं.

"भेटते, मावशी. सरकारी कागदावर लिहिलं आहे."

ललिताबाईंनी डोक्यावरची गवताची पेंडी खाली ठेवली. ओल्या हातांनी पोरीचा चेहरा धरला आणि सगळ्यांपुढे तिचा मुका घेतला. रश्मी लाजली, बायका हसल्या.

पहिला रविवार आला. भूगोलाचा वर्ग लहान, आणि हिमांशू सरांनी दहा-बारा मुलांची सवय असल्यानं तेवढ्यांपुरतेच बाक मांडून ठेवले होते. तास सुरू व्हायच्या आधीच ते भरले, मग खिडकीचे कठडे भरले, मग मुलं भिंतीला टेकून उभी राहिली. सरांनी एकदा सगळ्या वर्गावरून नजर फिरवली. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता.

"बाक लागतील," ते म्हणाले आणि स्वतःच बाह्या सरसावून बाहेर निघाले.

रश्मी आणि दुर्गेश्वरीनं लेखाशास्त्राच्या रिकाम्या वर्गातून एक लांब बाक उचलला, एकीनं एक टोक, दुसरीनं दुसरं. त्यांच्या मागे सर, सरांच्या मागे पोरं, सगळ्यांच्या हातांत बाक. मिरवणूक निघाल्यासारखी ती वरात अंगण ओलांडून निघाली. फाटक उघडं आहे की नाही ते पाहायला आलेले प्राचार्य मध्येच उभे होते. त्यांना वाट सोडून बाजूला व्हावं लागलं.

"अरे, हे काय चाललंय?"

"भूगोल, सर!" दुर्गेश्वरी ओरडली, आणि दोघी बाक न टेकवता तशाच पुढे गेल्या.